‘पहले आप’ आणि सहा सेकंद

लखनौला बदली झाली की पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी तुम्हाला तो विनोद सांगतं. दोन नवाब स्टेशनवर आले. गाडी उभी. एक म्हणाला, ‘पहले आप.’ दुसरा कमरेत वाकून म्हणाला, ‘जी नहीं, पहले आप.’ दोघांचं आटपेस्तोवर गाडी निघून गेली. आम्ही इथे छावणीत राहायला आलो तेव्हा मला तो तिघांनी ऐकवला. शेजारच्या बाईंनी, दूधवाल्याने आणि सदर बाजारातल्या शिंप्याने. तिन्ही वेळा मी हसले. रात्री जेवताना मी तो घरी सांगितला, तेव्हा हेही हसले. आमचा मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आई, आप... आपल्या घरी..." आणि तिथेच थांबला. मग मान हलवून ताट उचलून उठून गेला.

त्याला काय म्हणायचं होतं ते मला वर्षभराने कळलं. आपल्या घरी कुणीच ‘पहले आप’ म्हणत नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

आमचा मुलगा बोलताना अडखळतो. लहानपणापासूनच. ह्यांच्या नोकरीपायी सोळा वर्षांत त्याच्या सात शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगायचं. बाकीच्या मुलांना अर्धा मिनिट लागायचा, त्याला घाम फुटायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला अगदी पहिल्या भेटीत बजावलं होतं, "त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला वेळ द्या." आम्ही मान डोलावली. आणि घरी येऊन त्याची वाक्यं पुरी करत राहिलो. ह्यांना घाई असते म्हणून, आणि मला त्याची दया येते म्हणून. दुकानात त्याच्या वतीने मी बोलायची, फोनवर मी बोलायची, पाहुण्यांनी "काय रे, कितवीत आहेस?" विचारलं की "अकरावीत आहे" हे उत्तर माझ्याच तोंडून जायचं.

मागच्या वर्षी एकदा त्याने जेवताना सुरुवात केली. "बाबा, मला ए... एन... एनडीए..."

"...ची परीक्षा द्यायचीय ना? माझ्या लक्षात आहे," हे म्हणाले. "अर्जाची तारीख मी बघून ठेवलीय."

तो पुढे काही बोलला नाही. आम्ही दोघांनी तो होकार धरला.

तर अशा आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात तो खेळ आला. पुण्याहून माझा भाचा आठ दिवस राहायला आला होता, त्याने येताना एक जाडजूड पुस्तक आणि एक छोटी कापडी पिशवी आणली. पिशवीत फासे. आपल्याला माहीत असतो तो सहा बाजूंचा फासा. ह्या पिशवीत चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचेसुद्धा होते. भाचा गेला, फासे राहिले. आणि एका शनिवारी चिरंजीवांनी चिठ्ठी लिहून माझ्यापुढे ठेवली (लांबलचक काही सांगायचं असलं की तो चिठ्ठी लिहायचा): ‘संध्याकाळी चारजण येणार. खायला कर. डीएम पण येणार आहे.’

आता उत्तर प्रदेशात डीएम म्हणजे जिल्हाधिकारी, हे इथलं लहान मूलही सांगेल. मी घाबरून चांगले कप बाहेर काढले, दिवाणावरची चादर बदलली. साडेपाचला दारात उभा राहिला तो सदर बाजारातल्या त्याच शिंप्याचा पंधरा वर्षांचा मुलगा! काखेत आलेखाची वही. ह्या खेळात गोष्ट सांगणाऱ्याला आणि न्याय देणाऱ्याला डीएम म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्याच्याबरोबर मेडिकल कोअरच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी होती, आणि गोरखा रेजिमेंटच्या केंद्रातल्या हवालदारांचा मुलगा. छावणीत मोठ्यांच्या वाटा हुद्द्याप्रमाणे वेगळ्या असतात. आमच्या व्हरांड्यात त्या दिवसापासून दर शनिवारी त्या एकत्र येऊ लागल्या.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी तो काढला. त्यात पट असलाच पाहिजे असं नाही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, डीएमने प्रसंग सांगायचा, ‘तू काय करतोस?’ असं विचारायचं, आणि जिथे यश-अपयशाची शंका असेल तिथे फासा टाकायचा. थोडक्यात, आपल्या लहानपणीचं ‘तू राजा, मी प्रधान’च, फक्त "मी तुला मारलं", "नाही, मी आधीच मेलो नव्हतो" ही भांडणं मिटवायला एक पुस्तक जोडलेलं.

पहिले काही आठवडे मी फक्त भजी तळत होते. मग हवालदारांचा मुलगा सुटीत गावी दार्जिलिंगकडे गेला आणि एक भिडू कमी पडला. डॉक्टरीणबाईंची मुलगी म्हणाली, "आंटी, आप बैठ जाइए ना." अशी मी त्याच्या कुऱ्हाडवाल्या योद्ध्याच्या जागी बसले. आणि बसल्या बसल्या लढाई सुरू झाली.

प्रसंग असा: खोल दरीवर दोरांचा जुना पूल. आम्ही तिघं पलीकडे अडकलेलो, मागून लांडग्यांचा कळप येतोय. डीएमने वहीच्या चौकोनी रेघांच्या पानावर पूल काढला. एक चौकोन म्हणजे पाच फूट. माझ्या शिवणाच्या डब्यातली काळी बटणं म्हणजे लांडगे, रंगीत बटणं म्हणजे आम्ही.

"इनिशिएटिव्ह!" तो ओरडला, आणि सगळ्यांनी वीस बाजूंचा फासा टाकला. मला वाटलं लढाई म्हणजे आता जो तो हाणामारी करणार. पण नाही. लढाई सुरू होताच सगळी शिस्तीत बसली. आधी ठरतं ते कोण कुणाच्या आधी. फाशावर जो आकडा येईल त्यात पात्राच्या चपळाईचे गुण मिळवायचे. ज्याची बेरीज जास्त तो पहिला, मग त्याच्या खालचा. लांडग्यांसाठी डीएम फासा टाकतो. एकदा क्रम लागला की ती लढाई संपेपर्यंत तोच क्रम फिरत राहतो. नवाबांच्या हाती हा फासा असता तर त्यांची गाडी चुकली नसती.

सगळ्यांची पाळी एकेकदा झाली की एक फेरी पुरी. आणि एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. दहा फेऱ्यांचं एक मिनिट. आपल्या पाळीला माणसाला दोन गोष्टी करता येतात: एक चाल आणि एक कृती. चाल म्हणजे हलणं. साधा माणूस तीस फूट, म्हणजे सहा चौकोन जाऊ शकतो. तेही एकदमच जायला पाहिजे असं नाही. दहा फूट पुढे जा, वार कर, उरलेले वीस फूट मागे ये, चालतं. वाट दगडधोंड्यांची असेल तर एका फुटाला दोन फूट मोजायचे. आडवे पडला असाल तर उठण्यातच निम्मी चाल खर्ची पडते. (हे मला फार पटलं. माझे गुडघे हेच सांगतात.) कृती म्हणजे वार करणं, मंत्र घालणं, दुसऱ्याला मदत करणं, किंवा वार न करता नुसतं धावणं, तसं केलं की दुप्पट अंतर कापता येतं.

शिवाय दर फेरीत एक प्रतिक्रिया राखीव असते, ती दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येते. मी पहिल्याच पाळीला लांडग्याला पाठ दाखवून पुलाकडे पळाले, तर डीएम म्हणाला, "आंटी, वह आपको काटेगा." शत्रूच्या हाताच्या अंतरातून असंच निघालं की त्याला एक फुकटचा वार मिळतो. तो टाळायचा तर ती पाळी सावधपणे मागे सरण्यात घालवायची. मी चावून घेतलं.

आणि मग माझ्या मुलाची पाळी आली. त्याचं पात्र तिरंदाजाचं. तो म्हणाला, "मैं... मैं प... प... पु..."

"तीर चलाएगा. लिख दे, तीर," डॉक्टरीणबाईंची मुलगी घाईने म्हणाली. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं.

डीएमने वहीतून मान वर न करता म्हटलं, "उसकी बारी है."

बस्स, एवढंच. चिडून नाही की दया दाखवून नाही. ‘आज शनिवार आहे’ म्हणावं तसं. सगळे गप्प बसले. गोष्टीतले लांडगे उडी घ्यायच्या बेतात तसेच थबकले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण त्याच्याकडे पाहवेना. सेकंदकाटा जवळजवळ एक फेरा मारून आला. तेवढ्यात त्याने सांगितलं ते असं: मी पूल ओलांडून अलीकडे जातो. तीर मारत नाही. तलवार उपसून दोराशी उभा राहतो. आपली दोन्ही माणसं अलीकडे आली की त्या क्षणी दोर कापतो.

नियमात अशी सोय आहे. आपली कृती राखून ठेवायची, ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी सांगायचं, आणि तशी वेळ आली की ती राखीव प्रतिक्रिया खर्चून ते करायचं. पुढच्या फेरीत आम्ही दोघी धावत अलीकडे आलो. तिने आधी, मी नंतर. आणि त्याने दोर कापला. काळी बटणं दरीत गेली. मुलांनी एवढा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले.

मला मात्र भज्यांचं पीठ कालवताना रडू आलं. दोर, दोघांना अलीकडे घेणं, मग कापणं... एवढा विचार त्याच्या डोक्यात तयार होता, आणि आम्ही त्याच्या वतीने ‘तीर’ असं लिहून मोकळे होत होतो. सोळा वर्षांत अशी किती वाक्यं आम्ही ‘तीर’ म्हणून लिहून टाकली असतील?

हे त्या वेळी आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण कान इकडेच. मुलं गेल्यावर म्हणाले, "लखनौत बसून खेळ खेळणाऱ्यांचं काय झालं ते प्रेमचंदांनी १९२४ सालीच लिहून ठेवलंय." ‘शतरंज के खिलाड़ी’तले ते दोघे बहाद्दर! १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध गिळलं आणि हे बुद्धिबळाच्या डावात दंग. मग म्हणाले, "आणि लढाईत कोण पाळीची वाट बघतं? तू मार, मग मी मारतो? गोळी अशी येत नाही."

आक्षेप बरोबर होता. पुढच्या शनिवारी त्यांनी तो मुलांसमोरच मांडला. कर्नलसाहेब विचारतायत म्हणून पोरं जरा बिचकली. पण डॉक्टरांची मुलगी धीट. ती म्हणाली, "अंकल, सबका सब कुछ उन्हीं छह सेकंड में हो रहा है. घटता एक साथ है. बताना तो बारी-बारी से ही पड़ेगा ना?"

घडतं एकाच वेळी. सांगावं मात्र एकामागून एक लागतं. हे थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं." लष्करात ‘हं’ म्हणजे बरंच काही असतं.

त्या रात्री त्यांनी मला वाळूच्या नकाशाबद्दल सांगितलं. लढाईचा सराव करताना वाळूत टेकड्या, नद्या, वाटा करतात आणि भोवती उभं राहून कुठली तुकडी कुठे हलवायची ते ठरवतात. ह्याचा पूर्वज म्हणजे प्रशियाचा ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ. राइसवित्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये तो राजाला दाखवला, आणि त्याच्या तोफखान्यातल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम पक्के करून छापले. बापाने मांडलेला खेळ मुलाने पुरा केला. त्यातही फासे होते, नकाशावर सरकवायचे ठोकळे होते, न्याय देणारा पंच होता आणि फेऱ्याही होत्या. एक फेरी दोन मिनिटांची. दोन मिनिटांत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, ह्याचं माप ठरलेलं. पुढे असे युद्धखेळ नागरिकांतही शौक म्हणून पसरले, आणि त्यातल्याच दोघा शौकिनांनी पलटणीऐवजी एकेक माणूस खेळवायला घेतला, तो हा मुलांचा खेळ. आरंभीच्या नियमांत फेरी एका मिनिटाची असे आणि फासा प्रत्येक पक्षाचा मिळून एकच. २००० सालच्या आवृत्तीपासून फेरी सहा सेकंदांची झाली आणि ज्याचा त्याचा फासा ज्याने त्याने टाकायचा, असं मूळ नियमातच आलं.

"म्हणजे पलटणीचा हळूहळू माणूस झाला," मी म्हटलं. हे पुन्हा म्हणाले, "हं."

नंतरच्या शनिवारी हे स्वतः खेळायला बसले. लढाई लागली. फाशावर ह्यांना आले सात, मुलाला सतरा. त्याची पाळी आधी. तो सुरू झाला, "मैं द... दर... दरवाजे के..." आणि ह्यांनी सवयीने तोंड उघडलं, "दरवाज्याच्या आड ना? बरोबर, तिथूनच..."

"अंकल," शिंप्याचा मुलगा हळूच म्हणाला, "आपकी बारी नहीं है."

मी कढईजवळ थिजले. अख्ख्या सूर्य कमानच्या ह्या छावणीत कर्नलसाहेबांना असं म्हणणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता. ह्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी ओठ मिटले आणि हात मांडीवर ठेवले. मुलाने वाक्य पुरं केलं. त्याला दरवाज्याच्या आड जायचं नव्हतं. त्याला दरवाजाच बिजागऱ्यांतून काढून ढाल करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दिलकुशाकडे फिरायला गेलो. धुक्यात त्या पडक्या कोठीच्या भिंती तेवढ्या दिसत होत्या. एरवी कुणी बरोबर असलं की १८५७ मध्ये जनरल हॅवलॉक इथेच वारला, हे हे हटकून सांगतात. त्या दिवशी दुसरंच बोलले. "कोर्ट मार्शलमध्ये मतं घेतात ना, तेव्हा सगळ्यांत कनिष्ठ अधिकाऱ्याला पहिल्यांदा विचारतात. कळलं का, का ते? वरिष्ठ आधी बोलला तर कनिष्ठ त्याच्याच सुरात सूर मिसळेल. त्याचं स्वतःचं मत कधी कळणारच नाही." एवढं बोलून ते चालत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे मी वीस वर्षं शिकवतोय."

मी काही बोलले नाही. माझी पाळी नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग मुलगा आता घडाघडा बोलायला लागला असेल. नाही. अडखळणं असं जात नाही, आणि खेळ म्हणजे काही औषध नव्हे. तो अजून अडखळतो. फरक पडला तो आमच्यात. मी दुकानात त्याच्या मागे उभी राहते आणि रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली तरी तोंड मिटून राहते. पहिल्यांदा जमलं नाही. पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवावे लागले. घरी जेवताना तो सुरू झाला की हे चमचा खाली ठेवतात.

अशाच एका रात्री, मार्च उजाडला होता, आंब्याला मोहर आला होता, त्याने पुन्हा सुरुवात केली. "बाबा, मला ए... एन... एनडीए..."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या घशाशी वाक्य आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं.

"...ची परीक्षा द्यायची ना... नाहीये."

पंखा फिरत होता. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. ह्यांच्या वडिलांनी फौजेत काढली, ह्यांनी काढली. चार, पाच. मुलगा बापाच्या नजरेला नजर देऊन बसला होता. खाली मान घालून पळाला नाही, पाठ दाखवली नाही. सहा.

"तुझं झालं?" ह्यांनी विचारलं. आवाज जरा बसलेला होता.

मुलाने मान हलवली. "अजून थ... थोडं आहे."

"मग सांग," हे म्हणाले. त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं, पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला, आणि खुर्चीला टेकून बसले. "वेळ आहे. तुझी पाळी आहे."